गाईड निवडण्याआधी: डेव्हलपमेंटल बायोलॉजीतल्या (गर्भाच्या वाढीच्या अभ्यासातल्या) संशोधकाचं काम कसं तपासावं

मराठवाड्यात झूऑलॉजीच्या पीएच.डी.साठी गाईड बहुतेक वेळा रिकाम्या जागेवरून ठरतो. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास झाली, यादी लागली, ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे जागा आहे तिथे अर्ज. मग पुढची चार-पाच वर्षं त्यांचा विषय, त्यांचा इन्क्युबेटर आणि त्यांची पेपर लिहिण्याची सवय यांच्यासोबत काढायची. अर्ज भरण्याआधी दोन-तीन संध्याकाळी बसून त्या माणसाचं काम नीट तपासलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. गाईड नांदेडचा असो, छत्रपती संभाजीनगरचा, पुण्याचा की परदेशातला, तपासायची रीत एकच.

लॅपटॉप नसला तर मोबाईलवरही भागतं, पण एक स्प्रेडशीट हवी. गुगल स्कॉलर आणि पबमेड (पेपर शोधायला), ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक), शोधगंगा (पीएच.डी.चे प्रबंध), बायोआर्काइव्ह (छापण्याआधीचे पेपर) आणि पबपीअर (छापलेल्या पेपरांवर लोकांनी घेतलेल्या शंका) या साइट फुकट आहेत. पूर्ण पेपर उघडायला विद्यापीठाच्या आवारातलं नेट वापरा. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठांना मोठ्या प्रकाशकांची जर्नल खुली झाली आहेत. तुमचं कॉलेज खासगी असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसा आणि लागणारे पेपर एकदमच उतरवून आणा.

आधी माणूस नक्की करा

ही पायरी फालतू वाटते, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. स्कॉलरवर 'एस. आर. जाधव' किंवा 'व्ही. बी. पाटील' टाकून पाहा. रसायनशास्त्र, कापसावरची कीड, हाडांचे डॉक्टर, सगळे एकाच यादीत येतात. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत असल्यामुळे आद्याक्षरं वरचेवर जुळतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडमचे आधीचे पेपर वेगळ्याच नावावर पडून असतात आणि यादीत त्यांचं निम्मं काम दिसतच नाही.

म्हणून ऑर्किडचा सोळा आकडी क्रमांक शोधा. विद्यापीठाच्या पानावर नसेल तर अलीकडच्या एखाद्या पेपरमध्ये लेखकाच्या नावाशेजारी हिरवं गोल चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारा. ऑर्किड नसेल तर तीन गोष्टी जुळवा: संस्थेचा पत्ता, सहलेखक आणि प्रयोगाचा प्राणी. संभाजीनगरच्या पत्त्यावरून कोंबडीच्या गर्भावर लिहिणारा आणि राहुरीच्या पत्त्यावरून उसावर लिहिणारा माणूस एकच असण्याची शक्यता कमी. स्कॉलरचं प्रोफाइल संशोधक स्वतः सांभाळतो, आणि त्यात दुसऱ्याचे पेपर आपोआप येऊन चिकटतात. काही जण ते काढतात, काही जण तसेच राहू देतात. प्रोफाइलमधला सर्वाधिक सायटेशनचा, म्हणजे इतर पेपरांनी सर्वाधिक वेळा उद्धृत केलेला पेपर उघडून लेखकांत त्यांचं नाव खरंच आहे का ते बघितलं की एका मिनिटात अंदाज येतो.

यादीतून धागा काढा

स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: वर्ष, प्राणी किंवा वनस्पती, प्रश्न, लेखकांत कितवं नाव, जर्नल, सायटेशन. पेपर साठच्या आत असतील तर सगळे भरा. जास्त असतील तर शेवटची दहा वर्षं आणि सर्वाधिक सायटेशनचे दहा. 'प्रश्न' हा रकाना शीर्षकावरून भरू नका, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (सारांश) वाचून एका मराठी वाक्यात लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर एक तर तुम्हाला पेपर कळलेला नाही, नाहीतर त्यात प्रश्नच नाही. दुसरी शक्यता वाटते तितकी दुर्मिळ नाही.

मग 'प्राणी' आणि 'प्रश्न' या रकान्यांवरून क्रम लावा. चांगल्या संशोधकाचा एखादा प्रश्न आठ-दहा वर्षं पुढे पुढे सरकताना दिसतो: आधी नुसतं वर्णन, मग एखादी पेशी किंवा जनुक काढून पाहणं, मग तेच दुसऱ्या प्राण्यात. यादीत 2014 ला माशाच्या कल्ल्यांचं पेशीशास्त्र, 2016 ला औषधी वनस्पतीचा अर्क, 2018 ला नॅनोपार्टिकल, 2021 ला पक्ष्यांची गणना असं दिसलं तर समजा की तिथे जो विद्यार्थी जे घेऊन आला ते झालं. अशा ठिकाणी पीएच.डी. होते, पण तुमच्या कामाला पाठीमागून आधार कमी मिळतो. प्रोटोकॉल नाही, जुने नमुने नाहीत, 'हे आम्ही करून पाहिलंय, चालत नाही' असं सांगणारा सीनियर नाही.

धागा किती लांब जाऊ शकतो ते एका उदाहरणाने बघा. 1968 मध्ये साँडर्स आणि गॅसेलिंग यांनी दाखवलं की कोंबडीच्या गर्भात पंखाच्या कळीच्या मागच्या कडेचा छोटा तुकडा पुढच्या कडेला लावला तर बोटांचा आरशातल्यासारखा दुसरा संच तयार होतो. पुढच्या वर्षी लुईस वोल्पर्ट यांनी 'स्थानाची माहिती' ही कल्पना मांडली: पेशीला आपण कुठे आहोत हे एखाद्या रेणूच्या कमी-जास्त प्रमाणावरून कळतं. तो रेणू कोणता, याचं उत्तर पक्ष्यांच्या प्रयोगशाळांना वर्षानुवर्षं सापडलं नाही. तिकडे 1980 मध्ये क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीत खंडरचना बिघडवणारी पंधरा जनुकं एका पेपरात नोंदवली. त्यातलं एक हेजहॉग. 1993 मध्ये क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या कळीच्या मागच्या कडेला याच जनुकाचा भाऊबंद, सॉनिक हेजहॉग, शोधून काढला. माशीचं काम पक्ष्याच्या पंखाला कामी आलं. न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना 1995 चं नोबेल मिळालं, एडवर्ड लुईस यांच्यासोबत. तुमच्या गाईडचा पेपर अशा एखाद्या साखळीत कुठे बसतो, हा प्रश्न यादीसमोर ठेवून विचारा. साखळी छोटी असली तरी चालते.

एच-इंडेक्स हाताने काढा

प्रोफाइलवर तयार आकडा असतो, तरी एकदा हाताने काढावा, म्हणजे त्यात काय असतं नि काय नसतं ते कळतं. एच-इंडेक्स 5 म्हणजे किमान पाच-पाच सायटेशन मिळालेले पाच पेपर. ही पद्धत हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवली. सायटेशन मोठ्याकडून लहानाकडे मांडा आणि समोर क्रमांक घाला. समजा आकडे असे आहेत: 64, 31, 18, 9, 7, 5, 2, 0. पाचव्या क्रमांकाला 7 सायटेशन आहेत, म्हणजे पाचापेक्षा कमी नाहीत. सहाव्याला 5 आहेत, सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स 5.

आता स्वतःच्याच पेपरांतून स्वतःला दिलेली सायटेशन वजा करा. पबमेडवर हे होत नाही. स्कोपसमध्ये (सायटेशन मोजणारी आणखी एक साइट) स्वसायटेशन वगळण्याची सोय आहे, स्कॉलरवर एकेक पेपर उघडून मोजावं लागतं. समजा वजा केल्यावर 52, 26, 11, 5, 3, 2, 1, 0 उरले. आता चौथ्याला 5 आहेत, पाचव्याला 3. एच-इंडेक्स 4. एवढा फरक कुणाचाही पडतो, त्यात गैर काही नाही. एकाच प्रश्नावर दहा वर्षं काम करणारा आधीचा पेपर उद्धृत करणारच. पाचाचा थेट दोन झाला तर मात्र नोंद करून ठेवा.

स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांचे आकडे जुळत नाहीत. स्कॉलर प्रबंध, परिषदांच्या स्मरणिका, व्याख्यानाच्या पीडीएफ असं सगळं मोजतो, त्यामुळे तिथला आकडा बहुतेक वेळा मोठा असतो. दोन गाईडची तुलना करायची तर एकाच साइटवरचे आकडे घ्या. तुलनाही एकाच क्षेत्रातली करा. नॅनोपार्टिकलच्या पेपरला वर्षात चाळीस सायटेशन मिळतात, हायड्राच्या (गोड्या पाण्यातल्या एका छोट्या जिवाच्या) पुनर्निर्माणावरच्या उत्तम पेपरला पाच वर्षांत पंधरा. जगात हायड्रावर काम करणारे मुळातच मोजके आहेत. त्यावरून हायड्रावाल्याचं काम हलकं ठरत नाही.

सायटेशन किती यापेक्षा कशासाठी मिळाली हे जास्त सांगून जातं, आणि ते बघायला अर्धा तास पुरतो. स्कॉलरवर पेपरखाली 'साइटेड बाय' उघडा, वरच्या 'उद्धृत करणाऱ्या लेखांतच शोधा' या चौकटीवर खूण करा आणि संशोधकाचं आडनाव टाका. आलेल्यांपैकी पाच पेपर उघडून ते आडनाव मजकुरात कुठे येतं ते पाहा. प्रस्तावनेत सात-आठ नावांच्या घोळक्यात आलं असेल तर ते उपचारापुरतं. 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये आलं तर त्यांची पद्धत लोक वापरतायत. निकालांत किंवा चर्चेत 'यांनी अमुक दाखवलं होतं, आमच्याकडे तसं दिसत नाही' असं आलं तर कुणीतरी त्यांचा दावा तपासण्याइतका गांभीर्याने घेतला. विरोधात असलं तरी हे सायटेशन घोळक्यातल्या दहांपेक्षा मोलाचं.

पद्धतींच्या पेपरांना सायटेशन फार मिळतात, हेही ध्यानात असू द्या. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांचा 1951 चा पेपर म्हणजे कोंबडीच्या गर्भाच्या 46 अवस्थांचं वर्णन. त्यात शोध असा नाही, पण कोंबडीच्या गर्भावर काम करणाराला आजही तो टाळता येत नाही. कामाची छाप अशीही पडते. कुणी फळमाशीचे स्टॉक (जिवंत वाण) अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्राला दिले, कुणी अँटिबॉडीची पेशीरेषा आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेला दिली, हे सीव्हीत एका ओळीत असतं. ती ओळ वाचा.

इम्पॅक्ट फॅक्टरकडे फार वेळ घालवू नका. तो जर्नलचा असतो, पेपरचा नसतो, आणि मोजतो मागच्या दोन वर्षांतल्या लेखांची सायटेशन. जॉन गर्डन यांनी बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून टॅडपोल वाढवल्याचा पेपर 1962 मध्ये, भ्रूणविज्ञानाच्या एका साध्या जर्नलमध्ये आला. ते जर्नल 1987 पासून 'डेव्हलपमेंट' या नावाने निघतं. यामानाका यांच्यासोबत गर्डनना नोबेल मिळालं 2012 मध्ये.

नाव कितवं

जीवशास्त्रात पहिलं नाव ज्याने हाताने प्रयोग केले त्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं, हा रिवाज. नावापुढे तारा किंवा पाकिटाचं चिन्ह असलेला लेखक पत्रव्यवहाराचा. मधली नावं मदतनीसांची, सहकाऱ्यांची, आणि आपल्याकडे कधी कधी विभागप्रमुखांचीही.

स्प्रेडशीटमध्ये दोन गोष्टी मोजा. शेवटच्या नावाचे पेपर किती, आणि त्यांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं किती वेळा आहे. गाईडचं नाव शेवटी आणि पहिली नावं वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची असतील तर चांगली खूण. प्रत्येक पेपरात गाईडच पहिला असेल तर विद्यार्थ्यांना श्रेय कसं मिळतं हे विचारून घ्या. हा वाद जुनाच आहे. न्यूट या उभयचराच्या कोवळ्या गर्भावरच्या छिद्राच्या वरच्या ओठाचा तुकडा दुसऱ्या गर्भावर लावला की दुसरा देह उभा राहतो, हे दाखवणारे प्रयोग हिल्डे मांगोल्ड यांनी स्वतःच्या डॉक्टरेटसाठी केले. 1924 मध्ये आलेल्या पेपरावर त्यांचे गाईड हान्स श्पेमान यांचं नाव आधी आलं. हिल्डे त्याच वर्षी भाजून वारल्या. नोबेल 1935 मध्ये एकट्या श्पेमान यांना मिळालं. आता पुस्तकांत 'श्पेमान-मांगोल्ड ऑर्गनायझर' असं छापतात. उलट दिल्ली विद्यापीठातून 1964 मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून भ्रूण वाढवल्याचा जो पेपर 'नेचर'मध्ये आला, त्यावर पहिलं नाव शिप्रा गुहा यांचं आहे, दुसरं सतीशचंद्र माहेश्वरी यांचं.

एक पेपर आतून वाचा

वरचं सगळं बाहेरून झालं. आता त्यांचा एक पेपर घ्या, शक्यतो गेल्या पाच वर्षांतला आणि शेवटचं नाव त्यांचं असलेला. प्रस्तावना सोडा, थेट पद्धत आणि आकृत्या बघा. आपल्या भागात कोंबडीच्या अंड्यात कीटकनाशक टोचून गर्भातले दोष बघणारे प्रकल्प पुष्कळ होतात, कारण कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीचा विषय जवळचा आहे आणि अंडी स्वस्त मिळतात. म्हणून तेच उदाहरण घेतो.

पहिल्यांदा गट बघा. किमान चार हवेत: हात न लावलेली अंडी, नुसती सुई टोचून बंद केलेली, औषध ज्या द्रावणात विरघळवलं तेवढंच टोचलेली, आणि औषध टोचलेली. पुष्कळ पेपरांत पहिला आणि चौथा एवढेच असतात. सुरुवातीच्या दिवसांत अंड्याला भोक पाडलं तरी तेवढ्यानेच काही गर्भ मरतात, काहींच्या मज्जानलिकेत (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीत) दोष येतात. मधले दोन गट नसले तर दोष औषधाचा की सुईचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग मात्रा. '0.1 टक्के द्रावण' एवढं पुरत नाही. किती मायक्रोलिटर टोचलं, वायुकोशात की बलकात, इन्क्युबेशनच्या कोणत्या दिवशी, आणि अंड्याच्या वजनामागे किती मायक्रोग्रॅम झालं, हे लिहिलेलं हवं. अंडं पन्नास ते साठ ग्रॅमचं असतं, त्यामुळे वजन न घेता टोचलं तर एकाच गटात मात्रा पाचवा हिस्सा वर-खाली होते. बाजारातलं फवारणीचं औषध वापरलं की शुद्ध रसायन, हेही पाहा. बाटलीतल्या औषधात चिकटवणारे आणि विरघळवणारे पदार्थ असतात, दोष त्यांचाही असू शकतो.

अंडी कुठून आणली? खाण्याच्या अंड्यांच्या दुकानातली बहुतेक अंडी अफलित असतात. हॅचरीतली फलित अंडी हवीत, सगळी एकाच दिवसाची आणि एकाच कळपाची. अफलित अंडी वेगळी काढली की 'मेलेले गर्भ' म्हणून मोजली? चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात अंड्याखाली उजेड धरला की फलित अंड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. ही तपासणी पेपरात लिहिलेली नसेल तर मृत्यूच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका.

अवस्था कशी दिली आहे ते बघा. '48 तासांचा गर्भ' असं लिहून भागत नाही. हॅम्बर्गर-हॅमिल्टन अवस्था हवी. सुरुवातीला ती सोमाइटच्या (पाठीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या पेशींच्या ठोकळ्यांच्या) जोड्या मोजून ठरते: दहाव्या अवस्थेत 10 जोड्या, अकराव्यात 13, बाराव्यात 16, तेराव्यात 19, चौदाव्यात 22. बारावी अवस्था 45 ते 49 तासांत येते, ती इन्क्युबेटर नीट चालला तर. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये इथेच गडबड होते. अंडी गोळा केल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत चाळीस अंशांच्या उन्हात राहिली तर आतली वाढ वाटेतच सुरू होते. मग तुमचे 48 तास प्रत्यक्षात 55 निघतात. अंडी 15 ते 18 अंशांवर ठेवून आठवड्याच्या आत वापरली तर हा फरक राहत नाही.

दुसरं, साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच 40 अंशांवर गेली की 37.5 वर लावलेला इन्क्युबेटर 40 च्या वरच राहणार, आणि जास्त तापमानानेही गर्भात दोष येतात. त्यात लाइट गेली, इन्व्हर्टर फक्त पंख्याला जोडलेला. म्हणून पेपरात प्रयोगाचा महिना आणि तापमानाची नोंद दिसली तर समजा माणूस काळजीपूर्वक काम करतो. प्रयोगशाळेत गेल्यावर बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे गार करणारा, आहे का ते डोळ्यांनी बघा.

आता आकृती. फोटोत मोजपट्टीची रेघ आहे का, डोकं कुठल्या बाजूला ते सांगितलंय का, कंट्रोल (औषध न दिलेला) आणि प्रयोगातला गर्भ एकाच अवस्थेचे आणि सारखेच मोठे करून दाखवलेले आहेत का. नसतील तर 'वाढ खुंटली' हा निष्कर्ष मोजपट्टीचा खेळ असू शकतो. फोटोखाली '8/10' असा आकडा हवा, म्हणजे दहांपैकी आठ गर्भांत तसं दिसलं. आकडा नसेल तर तो एकच गर्भ असू शकतो. दहांपैकी दोनांत दोष आणि कंट्रोलमध्ये दहांपैकी एकात, यावर फिशर एक्झॅक्ट टेस्ट लावली तर p ची किंमत 1 येते. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आठ आणि एक असेल तर 0.0055, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसणं फार कठीण. हे तुम्ही मोबाईलवर दोन मिनिटांत काढू शकता, आणि पेपरातल्या आकड्याशी ताडून बघावंच.

जनुक कुठे चालू आहे हे दाखवणारे जांभळे डाग, म्हणजे इन सिटू, असतील तर 'सेन्स' प्रोबचा, म्हणजे त्या जनुकाच्या आरएनएला चिकटू न शकणाऱ्या तुकड्याचा, कंट्रोल शोधा. तो नसेल तर जांभळा रंग मज्जानलिकेसारख्या पोकळीत नुसता अडकलेलाही असू शकतो.

प्राणी आणि आपलं हवामान

गाईडचा प्राणी कोणता यावर तुमची पाच वर्षं कशी जातील हे बरंच ठरतं. फळमाशी 25 अंशांवर साधारण दहा दिवसांत एक पिढी देते, पण 30 च्या आसपास नर वंध्य व्हायला लागतात. मे महिन्यात एसी बंद पडला तर स्टॉक जातो, आणि एखादा स्टॉक पुन्हा मागवायला महिने लागतात. झेब्राफिश 28.5 अंशांवर ठेवतात, आपल्याकडे हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात कूलर दोन्ही लागतात. हायड्राला 18 ते 20 अंश लागतात. कोंबडीचं अंडं या सगळ्यांत सोयीचं, म्हणूनच पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांच्यापासून ते आजतागायत महाराष्ट्रात त्यावर काम होत आलंय. मुल्हेरकर एडिनबर्गला भ्रूणविज्ञानी वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या होत्या.

जर्नल, आणि पेपरवर कुणी शंका घेतली आहे का

हे पटकन उरकतं. मान्य जर्नलांची यूजीसी केअर यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' हा शिक्का आता पुरेसा नाही. जर्नल पबमेडच्या मेडलाइनमध्ये किंवा खुल्या जर्नलांच्या डीओएजे यादीत आहे का ते बघा. पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख पहिल्या पानावर असते. दोन्हींत चार दिवसांचं अंतर असेल तर तज्ज्ञांनी तो बहुधा वाचलेला नाही. नावाजलेल्या जर्नलच्या नावाने बनावट साइटही चालतात, तोच आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून. म्हणून दुव्यावरून न जाता प्रकाशकाच्या मुख्य साइटवरून जर्नल शोधा. शेवटी पबपीअरवर गाईडचं नाव टाका. तिथे एखादी शंका असणं म्हणजे गुन्हा नाही. लेखकाने मूळ फोटो दाखवून उत्तर दिलंय की गप्प बसलाय, ते वाचा.

शोधगंगेवर विद्यार्थी शोधा

शोधगंगेवर गाईडच्या नावाने शोध घ्या. प्रत्येक नोंदीत विद्यार्थ्याचं नाव, विद्यापीठ आणि पूर्ण झाल्याची तारीख असते. किती जणांची पूर्ण झाली, साधारण किती वर्षांत, ते मांडा. एक प्रबंध उघडून निकालांचं प्रकरण आणि त्याच विद्यार्थ्याचा पेपर शेजारी ठेवा. प्रबंधात सहा प्रयोग आणि पेपर एकच, की सहाचे सहा छापून आले? दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली पद्धतीची पानं शब्दशः सारखी असतील तर तेही दिसेल. मग त्या विद्यार्थ्यांची नावं स्कॉलरवर टाका. संशोधकाची खरी छाप इथे सापडते: कोण पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला) गेलं, कोण कॉलेजात शिकवतं, कुणी स्वतःचा प्रश्न उभा केला.

नियमही माहीत असू द्या. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, कमाल सहा. 'सर पुढच्या वर्षी रिटायर होतायत, पण ॲडजस्ट होईल' असं कुणी म्हटलं तर विभागातून लेखी विचारून घ्या.

मेल आणि भेट

मेल इंग्रजीत, दीडशे-दोनशे शब्दांत. 'रिस्पेक्टेड सर' म्हणून मॅडमना मेल पाठवणारे दर वर्षी निघतात. नाव तपासून 'डिअर डॉ.' आणि आडनाव लिहा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजचे. दुसऱ्यात त्यांचा एक पेपर आणि त्यातली एक नेमकी शंका, उदाहरणार्थ 'तुमच्या तिसऱ्या आकृतीत चौदाव्या अवस्थेचा गर्भ आहे. दहाव्या अवस्थेत टोचलं तर हाच दोष दिसतो का?' तिसऱ्यात काय हवंय: उन्हाळी प्रकल्प की पीएच.डी. मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये. तोच मेल चाळीस जणांना एकदम पाठवू नका, सीसीमध्ये सगळ्यांची नावं दिसतात.

पीएच.डी.आधी हात बसवायचा असेल तर तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असते. तिथे गाईडची नावं निवडताना वरची स्प्रेडशीट लगेच उपयोगी पडते.

भेटीला गेलात तर सरांच्या केबिनमध्ये बसण्यापेक्षा विद्यार्थ्यांसोबत चहा घ्या. विचारायचे प्रश्न मोजके: शेवटचा रिएजंट (प्रयोगाचं रसायन) मागवल्यावर किती दिवसांत आला, लॅब मीटिंग दर आठवड्याला होते का, फसलेला प्रयोग सांगितला तर काय होतं, आणि लाइट गेल्यावर इन्क्युबेटर कशावर चालतो. शेवटच्या प्रश्नाला दोन विद्यार्थ्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर स्वतः जाऊन प्लग बघा.